लोन रॉकच्या वाळूत गेलेले अकराशे डॉलर

आधीच सांगून टाकते, गाढवपणा आमचाही होताच. भाड्याची आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी मोठी गाडी, मऊ वाळूत घालायची नसते हे करारावर लिहिलेलं होतं, त्याखाली नवऱ्याची सही होती आणि वाचलं मीही होतं. पण आम्ही त्या वाळूत आपणहून गेलो नाही. एका भल्या वाटणाऱ्या माणसानं आम्हाला पुढे होऊन तिथं नेलं.

जागा लेक पॉवेलच्या काठची, लोन रॉक बीच. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या पेज गावातून महामार्ग ८९ धरून निघालं की शेजारच्या युटा राज्याची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात फाटा लागतो. सरोवर म्हणायचं, पण ते धरणाचं पाणी. ग्लेन कॅन्यन धरणामागे कोलोरॅडो नदी १९६३ पासून अडली आणि हा साठा पुरता भरायला १९८० साल उजाडलं. चहूकडे उघडा खडक, सावलीला झाड नाही, मध्ये निळंशार पाणी आणि त्यात एकटाच उभा तो अवाढव्य कातळ. आखलेल्या जागा नाहीत, गाडीला वीज-पाण्याची जोडणी नाही. वाळूवर आवडेल तिथं गाडी लावायची आणि रात्री चांदण्या बघायच्या. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

ऑक्टोबर महिना होता. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं. त्यामुळे हद्द ओलांडताच फोनवर सव्वाचारचे सव्वापाच झाले. सूर्य होता तिथंच होता, पण आम्हाला उगाच घाई सुटली. घाईतल्या माणसाला गाठणं सोपं असतं, हे मला आता कळतं.

डांबरी रस्ता संपतो तिथं तो उभा होता. पन्नाशीचा, लिंबू रंगाचं चमकणारं जाकीट, हातात क्लिपबोर्ड, मागे पांढरा पिकअप. आम्ही त्याला कॅम्प होस्ट, म्हणजे मुक्कामाच्या जागेची देखरेख करणारा माणूस, समजलो. 'मी इथला होस्ट आहे' असं तो एकदाही म्हणाला नाही, हे रात्री आठवत बसल्यावर लक्षात आलं. त्यानं विचारलं, "गाडीत टॉयलेट आहे ना? काठाजवळ राहायचं तर लागतं." हा नियम खरा आहे. टाक्या रिकाम्या करायला डम्प स्टेशन कुठं, जनरेटर कधी बंद करायचा, वारा कुठून येतो, सगळं नीट सांगितलं. मुलीला कातळाचा फोटो कुठून चांगला येईल तेही दाखवलं. दहा मिनिटांत आम्हाला तो देवमाणूस वाटायला लागला.

मग म्हणाला, पैसे भरायचं मशीन बंद आहे, दोन रात्रींचे चाळीस माझ्याकडे द्या. आमच्याकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास होता, पण तो प्रवेशापुरता, मुक्कामाचे पैसे वेगळे पडतात. एवढं माहीत होतं म्हणून आम्ही बिनतक्रार दिले. त्यानं पावती फाडली. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं पावतीपुस्तक, वर ना कुणाचं नाव ना शिक्का. मी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली! आणि मशीन? सकाळी नवरा सहज बघून आला. चालू होतं.

"वर गर्दी असते, पाण्याजवळ मस्त जागा दाखवतो, माझ्या चाकोरीतून या," असं म्हणून तो पुढे निघाला. त्याचा पिकअप चारही चाकांना जोर मिळणारा, टायर रुंद आणि हवा कमी करून बसवलेले. आमचं धूड साधारण साडेपाच टनांचं, जोर फक्त मागच्या जोडचाकांना आणि त्यांत हवा ठासून भरलेली. तो जातोय म्हणजे आपणही जाऊ, एवढाच आमचा हिशेब.

लेक पॉवेलचं पाणी सारखं वरखाली होत असतं. २०२३ मध्ये तर ते साठा भरल्यानंतरच्या तोवरच्या सगळ्यांत खालच्या पातळीला गेलं होतं. पाणी मागे हटलं की जो काठ उघडा पडतो तो वरून वाळतो, पापडीसारखा कडक होतो आणि खाली ओलाच राहतो. चालताना कळतही नाही. आमची मागची चाकं ती पापडी फोडून खाली गेली. नवऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबला तशी आणखी गेली. मी उतरून वाकून पाहिलं, तर सांडपाण्याच्या टाकीचा नळ वाळूला टेकला होता. अजून एकदा चाकं फिरली असती तर तो तुटून सगळं तिथंच सांडलं असतं.

तो थांबला नव्हता. वर, कडक जमिनीवर, त्याच्या गाडीचे दिवे दिसत होते. आम्ही हात हलवले, हाका मारल्या, ताटं घेऊन वाळू उपसली. पाऊण तासानं, अंधार पडायला लागल्यावर, तो सावकाश खाली आला. जाकीट काढून ठेवलं होतं.

"ओढून काढतो. अकराशे."

नवरा म्हणाला, आम्ही भाड्याच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करतो. तो हसला. "करा की. पहिला प्रश्न विचारतील, गाडी कुठं आहे." आमच्या गाडीच्या अंगावर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत होतं. करारात काय असतं, अनामत किती अडकलेली असते, हे त्याला आमच्याहून जास्त ठाऊक होतं. पेजहून टो मागवू म्हटलं तर म्हणाला, सकाळपर्यंत कुणी येणार नाही, आणि रात्री वारा सुटला की गाडी आणखी बसेल. खरं की खोटं ते तपासायला आम्ही एक फोनही केला नाही. मुलगी रडायला आली होती. पैसे फोनवरून, आधी, पट्टा अडकवायच्याही आधी पाठवायला लावले.

बारा मिनिटं. बारा मिनिटांत गाडी बाहेर. चाकांखाली सारायला त्यानं फळ्या काढल्या त्या पिकअपमधून नाही, बाजूच्या वाळूतून! टाचेनं चाचपून नेमक्या जागी उकरल्या. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी रेंजर, म्हणजे तिथली उद्यानरक्षक, भेटली. शांतपणे ऐकून घेतलं. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या हद्दीत पैसे घेऊन असला धंदा करायला परवाना लागतो, तो दाखवा म्हणायचं, आणि मुक्कामाचे पैसे रोख कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, असं तिनं सांगितलं. चाळीस डॉलर गेलेच, मुक्कामाचे पुन्हा भरले. गाडी न्यायच्या आधी तिथून चालत जा, टाच जोरात रोवून बघा, पापडी फुटली तर मागे फिरा, हेही तिचंच. बँकेनं हात वर केले. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ते परत घेता येत नाहीत म्हणाले. क्रेडिट कार्डानं दिले असते तर निदान तक्रार लावता आली असती. 'कार्ड चालेल का' हा प्रश्नच आम्हाला सुचला नाही. चालणार नव्हतंच, पण त्याचं तोंड तरी बघायला मिळालं असतं.

ज्यांना असं जायचं आहे त्यांनी जरूर जावं. आम्ही दुसरी रात्र वरच्या कडक जमिनीवर काढली आणि आकाशगंगा इथून तिथवर दिसली. फक्त एक फावडं आणि दोन फळ्या स्वतःच्या घेऊन जा.

रेंजरनं पिकअपचा नंबर विचारला होता. आमच्याकडे कातळाचे त्रेचाळीस फोटो होते. त्यातल्या एकात, मुलीनं त्यानंच दाखवलेल्या जागेवरून काढलेल्या, कोपऱ्यात तो पिकअप आला आहे. रेंजरनं तो मोठा करून पाहिला. पांढरी गाडी, धुतल्यासारखी लख्ख. चिखल होता तो फक्त नंबर प्लेटवर.