अडीच हजारांचं प्रमाणपत्र आणि विजापूर रोडवरचं ऊन

सोलापुरात विजापूर रोडवर आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आम्ही सहाजणी मिळून भाजी लावतो. मेथी, चुका, अंबाडी, थोडी वांगी. उरलेली शेजारीपाजारी विकतो. मागच्या हिवाळ्यात 'परसबाग व सेंद्रिय शेती प्रमाणपत्र' अशी जाहिरात बघून अडीच हजार भरले. दोन दिवसांचा क्लास, भाड्याचा हॉल, दुपारी जेवण. जेवण चांगलं होतं, हे आधीच सांगते. शेंगाचटणी तर दोनदा मागून घेतली.

शिकवणारे सर बोलायला गोड, पण त्यांची बाग सोलापुरातली नव्हती. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, माती समान भाग घ्या आणि रोज पाणी द्या म्हणाले. अहो, आमच्याकडे नळाला रोज पाणी येतंय कुठं? मग बोअरचंच घालायचं, आणि ते खारं. महिन्याभरात कुंड्यांवर पांढरा थर आला, मेथीची पानं कडेनं करपली. मी विचारल्यावर सर म्हणाले, "खत कमी पडलं असेल." खत वाढवलं, आणखी करपली. शेवटी पाणी तपासून घेतलं, तेव्हा क्षार कळले. आता आठवड्यातून एकदा नळाचं पाणी भरपूर सोडून कुंडी धुऊन काढतो, खाली भोक मोकळं ठेवतो. मार्चपासून वर शेडनेट. हे दोन दिवसांत कुणी सांगितलं नाही. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, मात्र नीट शिकवलं: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. एवढं पिंप आम्हाला कशाला? आम्ही दहावा हिस्सा करतो.

माझी खरी तक्रार कागदाची आहे. सर म्हणाले, या प्रमाणपत्रावर भाजी 'प्रमाणित सेंद्रिय' म्हणून विका. तसं होत नाही! ते प्रमाणपत्र मी क्लासला बसले एवढंच सांगतं. माल सेंद्रिय आहे हे सांगायचं तर वेगळी वाट. सरकारची पीजीएस-इंडिया नावाची सेंद्रिय प्रमाणीकरणाची योजना आहे, तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, गटातलेच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात. रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात 'पीजीएस-ग्रीन' असा दर्जा, ते पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक'. निर्यात करायची असेल तर बाहेरच्या संस्थेची तपासणी, तो खर्च आपल्यासारख्यांना झेपत नाही.

माळीकामावर पोट भरायचं असेल तर कृषी कौशल्य परिषदेच्या यादीत 'गार्डनर' आणि 'ऑरगॅनिक ग्रोअर' अशी कामं आहेत. परीक्षा घेऊन कागद मिळतो, कुठल्याही हॉलमधल्या कागदापेक्षा तो बरा. घर सोडून जमत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे शेतीचे अभ्यासक्रम मराठीतून आहेत. नुसतं शिकायचं असेल तर आपल्या जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक खेडला आणि एक मोहोळला. आधी फोन करून कुठलं प्रशिक्षण कधी आहे ते विचारा, उगाच एसटीचं तिकीट वाया घालवू नका.

पाचपैकी दोन तारे. एक जीवामृताला, एक शेंगाचटणीला. पुढची बॅच जूनमध्ये आहे म्हणे. सर, मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता आमच्या वाफ्यावर येऊन शिकवणार असाल तर पुन्हा पैसे भरते.