तीन लाख दोन हजार पन्नास रुपयांचे संशोधन

अमेरिकेतील डेंटल स्कूलच्या प्रवेशासाठी ‘रिसर्च प्रोफाइल’ तयार करून देण्याच्या नावाखाली छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एका कन्सल्टन्सीने माझ्याकडून ३,०२,०५० रुपये उकळले. नोंदणीचे ११,८००, पॅकेजचे १,८५,०००, एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या, मंजुरीचे १४,५००, दोन शोधनिबंध छापण्याचे ६२,००० आणि शिफारसपत्र ‘प्रमाणित’ करून घेण्याचे २८,७५० अशी ही रक्कम आहे. आकडे मुद्दाम जसेच्या तसे लिहिले आहेत, कारण अशा ठिकाणी फसलेली माणसे ‘थोडेफार गेले’ एवढेच सांगून गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यावरच या लोकांचा धंदा चालतो. यातले १,५७,७०० रुपये अण्णांच्या सोयाबीनचे होते. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये असताना आडतीत ४,१५० च्या भावाने ३८ क्विंटल घातले, आणि ती पट्टी हातात पडल्यावर आठवडाभरात पैसे सिडकोत पोचले. उरलेल्यासाठी आईचे दागिने बँकेत ठेवले. ते अजून तिथेच आहेत.

‘एवढी शिकलेली पोरगी फसलीच कशी,’ असे ज्यांना वाटते त्यांनी आधी आमचे शिक्षण कसे होते ते पाहावे. बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून पाच वर्षांची आहे आणि त्यात प्रबंध लिहावा लागत नाही. संशोधन म्हणून आमचा संबंध आला तो सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राच्या शिबिरात शाळेतल्या मुलांचे दात मोजण्यापुरता. त्याआधीची दोन वर्षे ‘लातूर पॅटर्न’मध्ये ७२० गुणांच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेची तयारी करण्यात गेली आणि त्यात प्रश्नाचे उत्तर कसे निवडायचे ते शिकवले, प्रश्न कसा तयार करायचा, हे हिंगोलीपासून लातूरपर्यंत मला कोणीही शिकवले नाही. पुढे नांदेडच्या एका दवाखान्यात १८,००० रुपये महिन्यावर दुसऱ्याच्या खुर्चीवर रूट कॅनाल करताना, आपल्याच बॅचच्या दोघी अमेरिकेत गेल्याचे कळले, तेव्हा मी चौकशी सुरू केली. यात माझे काय चुकले, ते मला कोणी समजावून सांगावे.

आपल्याकडे एमडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचा, प्रवेश ‘नीट-एमडीएस’च्या गुणवत्ता यादीवर होतो; तुमच्या नावावर शोधनिबंध एक असो वा दहा, क्रमांक त्याने एका जागेनेही वर सरकत नाही. ही गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कारण याच कन्सल्टन्सीने माझ्या ओळखीच्या एका मुलाला ‘एमडीएसला वेटेज मिळते’ असे सांगून ४०,००० रुपये घेतले आहेत. अमेरिकेचा मार्ग वेगळा आहे. भारतात पदवी घेतलेल्या दंतवैद्याला तिथल्या डेंटल स्कूलमध्ये पुन्हा दोन ते तीन वर्षे शिकून डीडीएस किंवा डीएमडी ही तिथली पदवी मिळवावी लागते, त्यासाठीचा अर्ज बहुतेक ठिकाणी ‘कॅपिड’ या एकत्रित व्यवस्थेतून जातो, आणि आयएनबीडीई ही तिथली दंतवैद्यकाची राष्ट्रीय परीक्षा, इंग्रजीची टोफेल, पदवीचे गुण, रुग्णांवर केलेले काम, शिफारसपत्रे, मुलाखत आणि अनेक ठिकाणी हाताचे कौशल्य पाहणारी बेंच टेस्ट या सगळ्यांचा विचार होतो. संशोधनाचा अनुभव त्यात जमेची बाजू आहे. ज्या विद्यापीठांत संशोधनावर भर आहे तिथे त्याला अधिक किंमत आहे, पण बहुतेक ठिकाणी ती प्रवेशाची अट नाही. ‘जमेची बाजू’ आणि ‘अट’ यांमधल्या या फटीतूनच कन्सल्टन्सीवाले आत शिरतात. ‘डॉक्टर, तुमचे सगळे चांगले आहे, फक्त रिसर्चचा रकाना रिकामा आहे, आणि रिकामा रकाना दिसला की फाइल बाजूला पडते,’ असे कन्सल्टन्सीतल्या सरांनी मला सांगितले, आणि समोर भिंतीवर अमेरिकेत पोचलेल्या मुलामुलींचे फोटो लावलेले होते. ते फोटो कोणाचे होते, देव जाणे.

पॅकेजमध्ये ‘आंतरराष्ट्रीय, पीअर-रिव्ह्यूड’, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या, नियतकालिकांत दोन शोधनिबंध, अमेरिकी प्राध्यापकाच्या हाताखाली तीन महिन्यांची ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप आणि त्याच प्राध्यापकाचे शिफारसपत्र असे सर्व होते. त्या ऑनलाइन इंटर्नशिपमध्ये माझे काम ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकणे आणि शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड करणे एवढेच होते. ‘पेपरचे काम आमची टीम करते, तुम्ही फक्त वाचून ओके कळवा,’ असे मला सांगण्यात आले. या क्षेत्रात दंत महाविद्यालयांतील अध्यापकांनाही बढतीसाठी शोधनिबंध लागतात, आणि पैसे देऊन नाव घालून घेतल्याच्या गोष्टी आम्ही कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो होतो. सगळे असेच करतात, असे जेव्हा आजूबाजूचे वरिष्ठच चहा पिताना बोलतात, तेव्हा बाहेरून आलेल्या मुलीने ते खोटे कशावरून मानायचे?

आता ज्या क्षणाबद्दल मी रोज स्वतःशी भांडते, त्याविषयी लिहिते. पहिला निबंध ‘मराठवाड्याच्या ग्रामीण भागातील प्रौढांमधील दंतक्षय’ या विषयावर होता आणि त्यासाठी मला एक्सेलची फाइल ‘ओके’ करण्यासाठी पाठवण्यात आली. तिच्यात १२० रुग्ण होते आणि प्रत्येकासमोर डीएमएफटी निर्देशांक, म्हणजे किडलेल्या, पडलेल्या आणि भरलेल्या दातांची बेरीज, लिहिलेली होती. साताठ ओळी खाली गेल्यावर एका माणसापुढे ३४ हा आकडा होता. माणसाला दात बत्तीस असतात, आणि मोजताना अक्कलदाढा सोडल्या की हा निर्देशांक अठ्ठावीसच्या वर जाऊच शकत नाही. हे मी तिसऱ्या वर्षापासून पाठ केलेले आहे, तोंडी परीक्षेत सांगितलेले आहे आणि शिबिरात स्वतः मोजलेले आहे. चौतीस दात किडलेला तो माणूस त्या फाइलमध्ये माझ्या डोळ्यांसमोर बसलेला होता. मी त्याच्याकडे पाहिले, टायपिंगची चूक असेल असे समजून ३४ च्या जागी २४ केले आणि ‘ओके सर’ असा निरोप पाठवला. शिवाय त्या फाइलमध्ये सर्वेक्षणाची गावे सेनगाव तालुक्यातली लिहिलेली होती, म्हणजे माझ्याच तालुक्यातली. त्या गावांत असे कुठलेही शिबिर झाले असते तर आमच्या घरी ते दुसऱ्या दिवशी कळले असते. रात्री साडेअकरा वाजता, दहा तास दवाखान्यात उभे राहून आल्यावर, मोबाइलच्या पडद्यावर ती फाइल पाहिली होती, आणि तेव्हा मी ‘ही गावे कोणी फिरले?’ एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर पुढचे १,०५,२५० रुपये वाचले असते.

मंजुरीचे पत्रही तसेच आले. सकाळी १४,५०० भरले आणि संध्याकाळी पत्र हजर. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीच्या बैठकीला किमान पाच सदस्य हजर असावे लागतात. माझ्या पत्रावर एकच सही होती आणि शिक्का तिरका. आणि ही मंजुरी सर्वेक्षण ‘पूर्ण’ झाल्यानंतर मागितलेली होती, जी कायम आधी घ्यायची असते. दुसरा निबंध माउथवॉशच्या चाचणीचा होता. अशी चाचणी रुग्णांवर होणार असेल तर पहिल्या रुग्णाआधी तिची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करावी लागते, २०१८ पासून मागाहून केलेली नोंद चालत नाही, आणि ही नोंदवही घरबसल्या फुकट पाहता येते. कोणी तुमच्या नावाने चाचणीचा निबंध छापत असेल तर आधी तो क्रमांक मागा.

सगळे उघडे पडले ते अमेरिकेत शिकत असलेल्या एका सीनियर ताईने व्हिडिओ कॉलवर माझी सराव मुलाखत घेतली तेव्हा. तिने विचारले: तुझा संशोधनाचा प्रश्न काय होता, नमुन्याची संख्या १२० च का, आणि दोन तपासनिसांच्या नोंदी जुळतात हे कसे तपासले. मला एकाही प्रश्नाचे उत्तर आले नाही. मग तिने शिफारसपत्राचे विचारले आणि मी बंद लिफाफ्याचा फोटो दाखवला, तेव्हा ती काही क्षण बोललीच नाही. कॅपिडमध्ये शिफारसपत्र अर्जदाराच्या हातात येतच नाही, ते देणारा स्वतः ऑनलाइन भरतो. माझ्या ‘प्राध्यापकांचा’ ईमेल विद्यापीठाचा नव्हताच, साधा जीमेलचा होता. नंतर निबंधातली दोन वाक्ये शोधली तर तोच मजकूर दुसऱ्या राज्यातल्या तिघांच्या नावाने आधीच छापलेला सापडला. नियतकालिकाला आयएसएसएन आहे, असे मला ठासून सांगितले होते. तो केवळ ओळखक्रमांक असतो, दर्जाचा दाखला नव्हे. माहितीपत्रकावर ‘यूजीसी मान्य’ असे छापलेले होते, आणि यूजीसीने तर मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंदच केली. अमेरिकेतल्या लोकांना हे कळत नाही अशा भ्रमात कोणी राहू नये: हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाला तिथल्या संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली होती, ती अशाच दिशाभुलीच्या व्यवहारांसाठी.

निबंध मागे घ्यावा म्हणून मी नियतकालिकाला लिहिले, तर त्यांनी ‘विथड्रॉवल चार्ज’ म्हणून १८,००० रुपये मागितले. मी ते भरले नाहीत. त्यामुळे माझे नाव आजही त्या खोट्या निबंधावर पहिल्या क्रमांकाचे आहे, आणि अर्जात सर्व माहिती खरी असल्याचे प्रमाणित करताना तो निबंध दाखवला तर मीच खोटी ठरते.

यानंतरची हकिकत सरकारी यंत्रणेची आहे आणि ती लिहिताना माझा राग आवरत नाही. गावाजवळच्या ठाण्यात सांगितले गेले की कार्यालय संभाजीनगरात आहे, तिकडे जा. संभाजीनगरातल्या ठाण्यात सांगितले गेले की पैसे ऑनलाइन गेले आहेत, सायबरकडे जा. सायबरच्या साहेबांनी पावत्या पाहिल्या आणि म्हणाले, ‘ताई, तुम्ही ऑफिसात जाऊन करार केला, सही केली, हे सायबर कसं होईल?’ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला तर व्यवहार जुना असल्याने रक्कम रोखता येणार नाही असे उत्तर मिळाले. तिथे फोन लगेच करावा लागतो, हे सांगणारी पाटी मात्र आमच्या बँकेत कुठेच नाही. बँकेच्या व्यवस्थापकांनी ‘ओटीपी तुम्हीच टाकला ना?’ एवढे विचारून पुढच्या ग्राहकाला बोलावले. सर्वांत कडू उत्तर एका फौजदारांचे होते: ‘पेपर छापून आला न तुमचा? मग फसवलं कशात?’ चौतीस दातांचा माणूस मी त्यांना समजावून सांगत होते आणि ते चहा सांगत होते. शेजारच्या बाकावरचा हवालदार वर म्हणाला की फार ताणू नका, तुमचंच नाव पेपरवर आहे, उलट तुमच्यावरच येईल. कॉलेजातल्या एका जबाबदार व्यक्तीनेही मला हेच सांगितले, फक्त शुद्ध भाषेत. ज्यांनी पाच वर्षांत आम्हाला एथिक्स कमिटी कशाशी खातात ते शिकवले नाही, त्यांना अचानक माझ्या नीतिमत्तेची काळजी वाटू लागली होती.

कायदा काय म्हणतो ते शेवटी मला एका वकील मावशींनी सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि नकार दिला तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे. ४२० म्हणत बसाल तर मुन्शीसुद्धा हसतो. अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने तक्रार गेली आहे आणि पोचपावती माझ्याकडे आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, हे इतक्या कचेऱ्यांमध्ये फिरताना एकाही माणसाने मला सांगितले नाही. तिथे सर्वांत उपयोगी पडली ती ११,८०० रुपयांची पावती. तिच्यावरचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो, पण तो चौदाच अक्षरांचा आहे, आणि खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. म्हणजे १,८०० रुपयांचा करसुद्धा त्यांनी स्वतःच्या खिशात घातला. पावती घेतल्यावर तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे टाकून पाहा, समोरच्याला राग आला तरी.

ज्यांना खरोखर संशोधन करायचे आहे, त्यांच्यासाठी आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांना त्यात आपल्याच कॉलेजातल्या मार्गदर्शकाखाली दोन महिने काम करता येते आणि वर विद्यावेतन मिळते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी तीन लाख मोजले, त्यासाठी सरकार विद्यार्थ्यालाच पैसे देते. पदवी हातात आल्यावर मात्र ती दारे बंद होतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्यांनी आजच विभागप्रमुखांना गाठावे आणि त्यांनी टोलवले तर दुसऱ्या विभागात जावे. छोटे काम चालेल, वीस रुग्णांचे चालेल, पण ते रुग्ण तुम्ही पाहिलेले असले पाहिजेत.

सिडकोतले कार्यालय आता बंद आहे आणि पाटी काढलेली आहे. मात्र त्याच माणसाचा आवाज मला मागच्या महिन्यात नांदेडच्या एका नव्या नावाच्या कन्सल्टन्सीच्या फोनवर ऐकू आला. मी दुसऱ्या नावाने चौकशी केली होती. पॅकेज आता २,२५,००० चे आहे, शोधनिबंध दोनाऐवजी तीन मिळतील, आणि ‘या बॅचला चारच जागा उरल्या आहेत, डॉक्टर, उद्यापर्यंत कळवा,’ असे त्यांनी मला सांगितले.