दहा हजारांच्या आतलं आरसी विमान : एका हंगामाच्या वापरानंतर

विंगस्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) ५०० मिमीच्या आसपास, ईपीओ फोम, एका सेलची ३.७ व्होल्टची लिपो बॅटरी, ब्रशवाली मोटर आणि तीन पातळ्यांचा जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारा सेन्सर). दहा हजारांच्या आत तयार मिळणारी बरीच आरसी (रिमोटवर उडणारी) विमानं याच घडणीची असतात. पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंत वापरल्यावर सांगायचं ते हे की फोम भरवशाचा निघतो. दगा देतात ती मोटर, बिजागरं आणि सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी यंत्रं). शिवाय जायरो इतका चांगला असतो की हे दोष तो बराच काळ दिसूच देत नाही.

ईपीओ चिवट असतो, थर्माकोलसारखा त्याचा भुगा होत नाही. नाक चेपलं तर आतली बॅटरी आणि बोर्ड काढून त्या जागेवर उकळतं पाणी हळूहळू ओता. दाणे फुगतात आणि आकार बऱ्यापैकी परत येतो. तुटलं तर साधा इन्स्टंट ग्लू चालतो (हाच ग्लू डेप्रॉन नावाचा फोम वितळवतो, म्हणून आधी फोम ओळखा). हॉट ग्लू शक्यतो टाळाच. मे महिन्यात बंद गाडीत विमान राहिलं की तो मऊ पडतो आणि मोटरचा कोन हलतो. दुरुस्ती शेपटीकडे असेल तर गोंद जपून वापरा, कारण शेपूट समतोलाच्या बिंदूपासून नाकापेक्षा लांब असते. तिथे एक ग्रॅम वाढला की नाकात दोन-तीन ग्रॅम भरावे लागतात.

एलेव्हेटर (शेपटीवरची हलती पट्टी) आणि एलेरॉन (पंखावरच्या हलत्या पट्ट्या) यांची बिजागरं म्हणजे पातळ केलेला फोमच. नवीन असतानाच हाताने हलकेच वर-खाली करून ती मोकळी करा, नाहीतर ताठ बिजागरामुळे सर्व्हो मध्यावर परत येत नाही. काही महिन्यांनी चीर पडते. त्यावर पातळ पारदर्शक टेप लावताना पट्टी विरुद्ध बाजूला पूर्ण वळवून ठेवायची, म्हणजे नंतर टेप हालचाल अडवत नाही. किनाऱ्याजवळच्या घरात सर्व्होपासून पट्टीपर्यंत जाणाऱ्या पुशरॉडच्या तारेवर गंज चढतो. तेलाचं बोट फिरवलं की पुरे, पण मोटरच्या ब्रशला तेल लागू देऊ नका.

मोटर हा खरा खपणारा भाग. ब्रश झिजले की पूर्ण थ्रॉटलवरही विमान आधीसारखं चढत नाही आणि उतरल्यावर मोटर हाताला चटका देते. बॅटरी नवी घालूनही तेच झालं तर मोटर बदला. नाकावर पडल्यावर शाफ्ट वाकतो. प्रोपेलर हाताने फिरवून टोकं डगमगताहेत का ते बघा. कंपन राहिलं तर जायरो गोंधळतो. संक्रांतीनंतर मैदानात मांजा पडलेला असतो. तो शाफ्टला गुंडाळला गेला आणि थ्रॉटल तसाच राहिला तर मोटर जळते. विमान जमिनीला लागण्याआधी थ्रॉटल शून्यावर, ही सवय याचसाठी. रिसीव्हर, मोटर नियंत्रक आणि सर्व्हो एकाच बोर्डावर असतील तर एक सर्व्हो गेला तरी बोर्डच बदलावा लागतो. ही या वर्गातली सगळ्यात खटकणारी गोष्ट.

आता जायरो. बॅटरी जोडल्यावर पहिले काही सेकंद विमान सपाट जागी स्थिर ठेवावं लागतं. हातात तिरकं धरून जोडली तर तोच तिरकेपणा तो ‘सरळ’ समजतो आणि विमान सतत एका बाजूला ओढतं. शिकाऊ पातळीवर स्टिक सोडली की विमान स्वतः सरळ होतं, म्हणून ट्रिम (सरळ उडण्यासाठी पट्ट्यांची बारीक जुळवणी) चुकलेली कळत नाही. गुरुत्वमध्य आधी तपासा : पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर, म्हणजे ९० मिमी रुंद पंखाला साधारण २३ ते ३० मिमीवर. मग उंची घेऊन जायरोची वरची, कमी मदत करणारी पातळी लावा आणि मोटर बंद करून तरंगू द्या. सरळ खाली झुकलं तर नाक जड. नाक वर काढून पुन्हा खाली पडत राहिलं तर शेपूट जड. बॅटरी वेल्क्रोवर पुढे-मागे सरकवून हे जुळवा, ट्रिमच्या बटणांनी नव्हे. ‘परत ये’चं बटण जीपीएस नसलेल्या विमानात फारतर दिशा उलटवतं, घर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं.

वारा ताशी १०-१२ किमीपर्यंत असेल तर उडवायला मजा येते. शंभर ग्रॅमच्या आतलं हे विमान त्यापुढे वाऱ्याला तोंड देताना जागीच लटकतं. मुंबईत दुपारकडे समुद्राचा वारा वाढतो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत आटपा. जागा मात्र शहराबाहेरच शोधावी लागते. जुहूच्या किनाऱ्याला लागूनच विमानतळ आहे आणि पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. बदलापूर-कर्जतकडची कापणी झालेली शेतं बरी, मालकाला विचारून आणि सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या नकाशावर झोन बघून.

एका चार्जवर उडण्याची वेळ खोक्यावर पंधरा मिनिटं लिहिलेली असली तरी आठ ते दहा धरा. सेल ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका, आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. विमानाबरोबरच दोन जादा बॅटऱ्या, एक मोटर आणि प्रोपेलरचे दोन-तीन जोड मागवा. मॉडेल बाजारातून गेलं की त्याची मोटर दुसऱ्या विमानाला जशीच्या तशी बसेलच असं नाही.