डेटाटेबल्स : वाचनालयाच्या पुस्तकसूचीसाठी आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या ‘ब’ वर्गाच्या वाचनालयातील सुमारे १८ हजार पुस्तकांची सूची तक्त्याच्या रूपात दाखवण्यासाठी मी गेले आठ महिने डेटाटेबल्स (वेबपानावरच्या तक्त्याला शोध, क्रमवारी आणि पाने जोडून देणारे जावास्क्रिप्टचे साधन) वापरत आहे. हे लिहायला बसण्याचे कारण मात्र गेल्या पंधरवड्यातले आहे. एका सभासदाने शोधचौकटीत ‘दऱ्या’ असे टाइप केले आणि तक्त्याने ‘एकही नोंद नाही’ असे उत्तर दिले; पुस्तक त्या वेळी ग्रंथपालांच्या पाठीमागच्या कपाटातच होते. सूची चुकीचे सांगते असे एकदा वाटले की वाचक पुन्हा तिच्याकडे वळत नाही, म्हणून ही गोष्ट मला फार लागली.

सुरुवातीला मी सगळ्या ओळी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेने पानातच छापल्या होत्या. हजारभर नोंदींच्या चाचणीत सारे सुरळीत चालले, पण पूर्ण सूची घातल्यावर देवघेवीच्या टेबलावरील जुना संगणक पान उघडताना अडकून पडू लागला. तेव्हा मी डेटाटेबल्सला नावे ठेवली. आज ते मत मागे घेतो, कारण १८ हजार ओळी ब्राउझरवर लादण्याचा निर्णय माझाच होता. शोधण्याचे आणि पाने पाडण्याचे काम सर्व्हरकडे सोपवणारा ‘सर्व्हरसाइड’ पर्याय चालू केल्यावर ब्राउझर फक्त हव्या त्या २५ नोंदी मागतो आणि पान लगेच उघडते. सर्व्हरच्या उत्तरात ‘रेकॉर्ड्सटोटल’ म्हणजे एकूण नोंदी आणि ‘रेकॉर्ड्सफिल्टर्ड’ म्हणजे शोधात सापडलेल्या नोंदी, असे दोन वेगळे आकडे द्यावे लागतात. मी दोन्हीकडे एकूण संख्याच दिली होती, त्यामुळे ‘शेती’ शोधल्यावर दोन पानांत संपणाऱ्या यादीखाली ७२० पाने दिसत राहिली.

या सोयीची किंमतही आहे. ब्राउझरमधला शोध शब्दांचा क्रम उलटसुलट असला तरी नोंद शोधून देतो. सर्व्हरसाइड निवडल्यावर ते काम आपल्या एसक्यूएलवर, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नावर येते आणि मजकुराचा सलग तुकडा जुळवणाऱ्या साध्या ‘लाइक’ने ते साधत नाही. मी शोधवाक्याचे शब्द वेगळे करून प्रत्येकासाठी स्वतंत्र अट लावली.

‘दऱ्या’ तरीही सापडेना. दोन दिवस डोकेफोड केल्यावर अक्षरांचे संकेतांक छापून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. सभासदाच्या मोबाइलवरून आलेल्या शब्दात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त होते, तर आमच्या जुन्या नोंदींत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह होते. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोड या अक्षरसंकेत पद्धतीच्या नेहमीच्या एनएफसी प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने) हा फरक मिटत नाही. शेवटी मी शोधासाठी वेगळा स्तंभ केला, त्यात सगळी रूपे ‘ऱ’मध्ये बदलून साठवली आणि आलेल्या शोधशब्दावरही तोच संस्कार केला. यात डेटाटेबल्सचा दोष नाही, पण मराठी सूची करणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच ठाऊक असायला हवे.

क्रमवारीचेही तसेच आहे. आधीच्या ब्राउझरमधल्या क्रमवारीत युनिकोडच्या क्रमाने ‘काळ’, ‘कावळा’, ‘काहूर’ अशी मांडणी होत असे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘काळ’ शेवटी हवा. यावर मनासारखा उपाय अजून झालेला नाही. तूर्त तक्ता दाखल क्रमांकाने लावतो आणि शीर्षकावरची क्रमवारी बंद ठेवली आहे.

मूळ साधन मोफत आहे, हे आमच्यासारख्या तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला मोलाचे वाटते. नोंदी तक्त्यातूनच दुरुस्त करू देणारी ‘एडिटर’ ही जोड मात्र विकत घ्यावी लागते. ती घेतली नाही. दुरुस्तीसाठी साधा फॉर्म मीच लिहिला आणि वाचलेल्या पैशांतून बालविभागासाठी पुस्तके घ्यावीत, असे कार्यकारिणीला सुचवले आहे. लेखकांच्या आडनावांचा स्तंभ ‘ऱ’साठी तपासायचा राहिला आहे, तो या रविवारी हातात घेतो.