रोबो-मासा किट, महिनाभर वापरून झाल्यावर

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टची छोटी दुकानं आहेत ना, त्यातल्याच एका दुकानातून घेतलं, 2,400 रुपयांना. लेक नववीत आहे, मासे एकमेकांच्या मागे का जातात हे तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करून बघायचं होतं. किटमध्ये दोन चाकांची गाडी, तिच्यावर मॅग्नेट, आर्डुइनो बोर्ड (कोड टाकून गाडी चालवायचं छोटं सर्किट) आणि एक रबरी मासा, त्याच्या पोटाखाली दुसरा मॅग्नेट. गाडी टाकीखाली फिरते आणि वर पाण्यात मासा तिच्यासोबत सरकतो. बर्लिनमधले संशोधक टिम लांडग्राफ यांच्या टीमचा रोबोफिश असाच मॅग्नेटवर चालतो, त्यामुळे मूळ आयडिया एकदम बरोबर आहे आणि ती आपल्याकडे ह्या किमतीत मिळतेय ह्याचा मला खरंच आनंद झाला.

पण पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. आमच्या टाकीची काच जाड, मॅग्नेट पकडच घेईना, गाडी पुढे आणि मासा तिथेच. मग पातळ प्लास्टिकचा पसरट ट्रे आणला, दोन स्टुलांच्या मधे टेकवला, चार बोटं पाणी आणि त्यात आमचे गप्पी, डासांच्या अळ्या खायला महापालिका सोडते तेच. रोबो हलला की सगळे कोपऱ्यात गोळा! मासा दिसायला छान आहे, सोनेरी, चमकी लावलेला, पण ते सगळं गिऱ्हाइकासाठी, गप्पीला त्याचं काय. डोळे म्हणजे नुसते दोन छापील ठिपके.

इथे बनवणाऱ्याचा अभ्यास कमी पडलाय. बर्लिनच्याच लोकांनी 2016 मध्ये दाखवलंय की काचेचे डोळे आणि खऱ्यासारखी हालचाल असली तर गप्पी रोबोला जास्त आपलं मानतात. आणि 2007 मधला ब्रुसेल्सचा झुरळांचा प्रयोग बघा, तिथले रोबो म्हणजे चाकांवरच्या छोट्या डब्या, झुरळासारखं काहीच नाही, पण त्यांना झुरळांचा वास लावलेला होता, तेवढ्यावर झुरळांनी त्यांना कळपात घेतलं आणि बऱ्याच वेळा त्यांच्यासोबत जास्त अंधाराचा आडोसा सोडून उजेडाच्या आडोशाला गेली. कोणाला वास लागतो, कोणाला डोळे.

आम्ही जांभळी नाक्यावरून काळे काचमणी आणले, ठिपक्यांवर चिकटवले. लेकीने कोड बदलला, कारण गप्पी एका स्पीडने सलग पोहतच नाही, एक झटका मारतो, मग नुसता घसरत राहतो, थांबतो. तिसऱ्या संध्याकाळी एक पोट फुगलेली मादी हळूच रोबोच्या शेपटीशी आली, थांबली, आणि तो घसरला तशी त्याच्या बाजूने घसरली, ट्रेचे दोन पूर्ण फेरे. लेक श्वास रोखून बघत होती. मग गाडी काढून मासा नुसताच ठेवून बघितला, तेव्हा कोणी फिरकलं नाही, म्हणजे नुसते डोळे पुरत नाहीत, हालचालही लागतेच.

घेणार असाल तर जाड काचेच्या टाकीत लावू नका आणि मॅग्नेटची एक जोडी जास्तीची मागून घ्या, आमचा एक खोक्यातच तुटलेला निघाला, दुकानदाराने बदलून दिला पण त्यासाठी दोन खेपा झाल्या.