मुलांच्या सीआयसीसाठी नळी कोणती? फीडिंग ट्यूब, साधा नेलॅटन आणि कोटिंगवाला कॅथेटर

स्पायना बिफिडा (पाठीचा कणा पूर्ण न मिटणं) किंवा सेक्रल एजेनेसिस (कण्याचं खालचं टोक न बनणं) घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना लघवी पूर्ण होत नाही, कारण मूत्राशयाच्या नसाच नीट काम करत नाहीत. मूत्राशयातला दाब ४० सेंटीमीटर पाणी (दाब मोजायचं एक माप) याच्या वर राहू लागला की मूत्रपिंडांना धोका पोचतो. ठराविक वेळाने मूत्रमार्गातून स्वच्छ नळी (कॅथेटर) घालून लघवी काढायची सीआयसी पद्धत अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडली आणि आजही पहिला उपाय तोच आहे. प्रश्न राहतो तो नळीचा.

फीडिंग ट्यूब, म्हणजे मुळात नाकातून दूध भरवायची नळी, आधी बाद करू. तान्ह्या बाळासाठी ५-६ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) म्हणून ती सर्रास वापरली जाते. पण ती लांब आणि फार लवचिक असते. लघवी आल्यावरही आत सारत राहिलं तर मूत्राशयात वेटोळं होऊन गाठ बसू शकते, आणि मग ती ओढून निघत नाही. अडीअडचणीला ठीक, रोजच्यासाठी नको.

साधा पीव्हीसी नेलॅटन, म्हणजे प्लास्टिकचा सरळ, बिनकोटिंगचा कॅथेटर, हा खरा कामाचा गडी. फ्रेंच आकड्याला तीनने भागलं की मिलिमीटरमध्ये जाडी मिळते, म्हणजे ६ फ्रेंच २ मिलिमीटर. बाळाला ५-६, शाळकरी मुलाला ८-१० आणि पुढे १२ साधारण चालतात, नेमका नंबर मात्र डॉक्टरांनी ठरवलेलाच घ्यावा. बहुतेक कंपन्यांचे फनेलचे (नळीच्या बाहेरच्या रुंद टोकाचे) रंग सारखे असतात: ८ निळा, १० काळा, १२ पांढरा. विकत घेताना पाकिटातूनच टोकाजवळची दोन भोकं उजेडात धरून पाहा. कडा गुळगुळीत, वितळवून गोल केलेल्या हव्यात. नुसत्या कापलेल्या कडा मूत्रमार्ग खरवडतात, मग नळीला रक्ताचा ठिपका लागतो आणि दोष घालणाऱ्याच्या हाताला जातो. पाण्यात विरघळणारं जेलच लावा, व्हॅसलीन किंवा तेल नको. मुलींना जेल थोडं पुरतं, मुलांना नळीच्या बऱ्याच लांबीला लागतं.

कोटिंगवाला हायड्रोफिलिक कॅथेटर पाण्याने बुळबुळीत होतो. मूत्रमार्ग लांब असलेल्या, आणि विशेषतः तिथे संवेदना शाबूत असलेल्या मुलांना त्याचा फायदा स्पष्ट जाणवतो. तान्ह्या मुलीला तेवढ्यासाठी जादा खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही. त्याची खोड अशी, की पाकीट फोडून तयारीत वेळ गेला तर कोटिंग सुकतं आणि काढताना नळी आत चिकटते. म्हणून कपडे, हात, पुसणं सगळं आधी उरका, पाकीट शेवटी फोडा. वरून जेल लावू नका. धुऊन पुन्हा वापरणं तर नाहीच. पाकिटावर २ चा आकडा खोडलेला असेल तर नळी एकदाच वापरायची.

नळी कोणतीही असो, बिघडतं ते बहुधा काढताना. धार थांबली की लगेच ओढू नका. सावकाश मागे घ्या, पुन्हा लघवी आली की थांबा, थोडी फिरवा, मग काढा. तळाशी उरलेल्या लघवीतच जंतू वाढतात. घालताना अडलं तर जोर लावायचा नाही. मुलाला मोठा श्वास सोडायला सांगा, हलका दाब ठेवून थांबा, स्नायू सैल पडतो. जोर लावला की मूत्रमार्गाची भिंत फाटून आत खोटी वाट पडते.

जागेपणी ३ ते ४ तासांनी एकदा काढणं सर्वसाधारण. मोजून लिहून ठेवा: वय अधिक एक, गुणिले ३० इतकी मिलिलिटर क्षमता धरतात, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची १८०. दर वेळी त्याहून बरीच जास्त निघत असेल तर दिवसातून जास्त वेळा काढावी लागेल. लघवीच्या नुसत्या गढूळपणावर अँटिबायोटिक सुरू करू नये. ताप, कंबरदुखी, उलट्या असतील तर मात्र लगेच तपासणी.

आणि खरेदीआधी एक गोष्ट बघाच: पाकिटावर ‘लेटेक्स-फ्री’ लिहिलेलं हवं. स्पायना बिफिडाच्या मुलांना लेटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी जडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. हातमोजेही त्यात आले, हे नेमकं विसरलं जातं.

नळी तीच, वेळा त्याच, तरी मधल्या वेळात गळती वाढली तर आधी बद्धकोष्ठता पाहा. सोबत चाल बदलली किंवा पाठ-पाय दुखू लागले तर कंपनी बदलत बसू नका, ताणलेल्या मज्जारज्जूची शंका घेऊन न्यूरोसर्जनकडे जा.