डबाबंद भाज्या आणि खाद्यतेल: लेबल वाचून केलेली तुलना

तेल कोणतंही घ्या, 100 ग्रॅममागे साधारण 880 ते 900 कॅलरी ठरलेल्याच. 'लाइट' हा शब्द बहुधा रंग-चवीपुरता असतो. 'कोलेस्टेरॉल शून्य' यालाही भुलू नका. वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच. बघायचं ते संपृक्त चरबीकडे (लेबलवर 'सॅच्युरेटेड फॅट'): नारळ तेलात 80 टक्क्यांच्या वर, ऑलिव्हमध्ये सुमारे 14, सूर्यफुलात 10 च्या आसपास.

डबाबंद भाज्यांची गोष्ट वेगळी. कॅलरी बहुधा कमी, तंतू बऱ्यापैकी टिकलेले. पण क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं आणि काही डब्यातल्या पाण्यात उतरतं. खरी अडचण मिठाची. डबाबंद राजमा चाळणीत ओतून, तो दाट फेसाळ द्रव निथळू द्या आणि नळाखाली अर्धा-एक मिनिट धुवा. सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, बरंच कमी होतं. लेबलवरचे आकडे निथळलेल्या वजनाचे आहेत की पाण्यासकट, हे आधी तपासा. इथेच तुलना फसते.

टोमॅटोचा डबा मात्र बिनधास्त घ्यावा. शिजल्यामुळे त्यातलं लायकोपीन, म्हणजे टोमॅटोचं लाल रंगद्रव्य, शरीराला सहज मिळतं, आणि ते चरबीत विरघळणारं असल्याने चमचाभर तेल इथे सार्थकी लागतं. मोजूनच घाला: मोठा चमचा म्हणजे 120 कॅलरी.